पाचांमिळून एक तपासणी



डेअरीला दूध घालणाऱ्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. दहा घरांचे दूध एका कॅनमध्ये ओतले आणि त्यांतल्या एकाच घरचे दूध नासके असले, तरी सगळा कॅन नासतो. उलट, त्या कॅनमधले थोडे दूध घेऊन उकळून पाहिले आणि ते फुटले नाही, तर दहाही घरांचे दूध चांगले होते असे धरायला हरकत नाही. दहा वेळा चूल पेटवावी लागत नाही, एकदाच पेटवली की भागते. दूध फुटले तर मात्र नासके कोणाचे हे शोधण्यासाठी प्रत्येकाच्या किटलीतले दूध वेगळे उकळून पाहावे लागते.

माणसांच्या रोगतपासणीतही हीच युक्ती वापरली जाते. पुष्कळ लोकांचे नमुने एकत्र करायचे आणि त्यांची एकच चाचणी करायची. ती निर्दोष आली तर सर्वांना मोकळे करायचे. सदोष आली तरच एकेकाचा नमुना वेगळा तपासायचा. करोनाच्या साथीत, २०२० साली, वर्तमानपत्रांत 'पूल टेस्टिंग' हे शब्द वारंवार येत होते. हा पूल म्हणजे ओढ्यावरचा पूल नव्हे, अनेकांचे मिळून एकत्र केलेला साठा असा त्या शब्दाचा अर्थ. ह्या लेखात आपण त्याला 'एकत्र तपासणी' म्हणू.

युक्ती ऐकायला सोपी आहे, पण ती सदासर्वकाळ चालत नाही. ती केव्हा उपयोगी पडते, केव्हा फसवते, आणि तिच्या यशात तुमच्या-आमच्या खरे बोलण्याचा वाटा किती, हे आज समजून घेऊ. करोनाची लाट ओसरली असली तरी हा विषय शिळा झालेला नाही. साथी पुन्हा येतात, आणि कित्येक रक्तपेढ्यांत ही तपासणी साथ नसतानाही चालते.

कल्पना कोणाची?

दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना अमेरिकेत लक्षावधी तरुणांना सैन्यात घेतले जात होते. प्रत्येकाचे रक्त उपदंशासाठी, म्हणजे ज्याला आपल्याकडे गरमी म्हणतात त्या रोगासाठी, तपासले जाई. शंभरात थोडेच जण रोगी निघत. बाकीच्या साऱ्या चाचण्या 'ह्याला रोग नाही' एवढेच सांगण्यात खर्ची पडत. १९४३ साली रॉबर्ट डॉर्फमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छोटासा लेख लिहिला. त्याचे म्हणणे असे की, प्रत्येकाच्या रक्तातला थोडा भाग काढून अनेकांचा एकत्र करा आणि त्या मिश्रणाची एकच चाचणी घ्या. मिश्रण निर्दोष तर सगळेच निर्दोष. सदोष आले तर बाजूला राखून ठेवलेल्या रक्तातून एकेकाला तपासा.

कागदावरचा हिशेब बिनचूक होता, तरी उपदंशाच्या तपासणीसाठी सैन्यात ही रीत रुजली नाही. अनेकांचे रक्त एकत्र केले की त्यांतल्या एका रोग्याचे रक्त इतके पातळ होई की त्या काळच्या चाचणीला रोग दिसेनासा होई. पुढे चाचण्या अधिक तीक्ष्ण झाल्या आणि तीच युक्ती विषाणूंच्या शोधात कामाला आली. पण सुरुवातीची ही अडचण वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

हिशेब मांडून पाहू

समजा, एका गावात १०० माणसे तपासायची आहेत आणि त्यांतल्या एकालाच विषाणूची लागण आहे. एकेक करून तपासले तर १०० चाचण्या लागतील. आता पाच-पाच जणांचे २० गट करू. पहिल्या फेरीत २० चाचण्या होतील. त्यांतले १९ गट निर्दोष येतील, म्हणजे ९५ माणसे मोकळी झाली. एक गट सदोष येईल. त्यातल्या पाच जणांच्या पाच चाचण्या केल्या की लागण झालेला माणूस सापडेल. एकूण २५ चाचण्यांत काम झाले. उरलेल्या ७५ चाचण्यांचे साहित्य दुसऱ्या गावाच्या कामी आले आणि प्रयोगशाळेतल्या माणसांचे कष्टही वाचले.

दहा-दहांचे गट केले तर? पहिल्या फेरीत १० आणि सदोष गटातल्या दहा जणांच्या १०, अशा २० चाचण्या होतील. डॉर्फमनच्या हिशेबाप्रमाणे शंभरी एक लागण असेल तर अकरा जणांचा गट सर्वांत काटकसरीचा ठरतो, आणि दर शंभर माणसांमागे साधारण २० चाचण्या पुरतात. गट ह्याहून मोठा केला की काम पुन्हा वाढू लागते, कारण मोठ्या गटात एखादा रोगी असण्याचा संभव वाढतो आणि गट सदोष आला की तितक्या जास्त माणसांना पुन्हा तपासावे लागते.

रोग वाढला की काटकसर संपते

ह्या हिशेबाचा सारा जीव रोग विरळ असण्यात आहे. पाच-पाचांच्याच गटांनी १०० माणसे तपासायची आणि लागण झालेली माणसे इकडेतिकडे विखुरलेली आहेत असे धरू. मग सरासरीने चाचण्या अशा लागतील :

शंभरात १ रोगी असेल तर सुमारे २५ चाचण्या.
शंभरात २ असतील तर सुमारे ३०.
शंभरात ५ असतील तर सुमारे ४३.
शंभरात १० असतील तर सुमारे ६१.
शंभरात २० असतील तर सुमारे ८७.
शंभरात ३० असतील तर सुमारे १०३.

शेवटची ओळ पाहा. एकेक करून तपासले असते तर १०० चाचण्यांत भागले असते. गट करून तीन जास्तच लागल्या, आणि दोन फेऱ्यांमुळे वेळ गेला तो वेगळाच. असे का व्हावे? रोगी जास्त झाले की जवळपास प्रत्येक गटात एखादा तरी येतोच. मग प्रत्येक गट सदोष ठरतो आणि सर्वांनाच पुन्हा तपासावे लागते. भाताच्या पोत्यात चार खडे असले तर सुपाने पाखडून भागते. पोत्यात निम्मे खडेच असले तर पाखडण्यात अर्थ नाही.

म्हणून साथ सुरू होतानाची पद्धत साथ भरात आल्यावर चालवता येत नाही. 'गेल्या महिन्यात पाचांची एक चाचणी करीत होते, आता एकेकाची का करतात, ह्यात काही लबाडी तर नाही?' असे काही जण विचारतात. लबाडी नाही. रोगाचे प्रमाण बदलले की पद्धत बदलावी लागते. पाऊस पाहून पेरणीची वेळ बदलणाऱ्या माणसाला हे पटायला अवघड जाऊ नये.

गटात कोणाला कोणाबरोबर घालावे, ह्यालाही महत्त्व आहे. विषाणूची लागण एका घरात पसरते. १०० माणसांची पाच-पाचांची २० घरे आहेत आणि एकाच घरातल्या पाचही जणांना लागण झाली आहे असे समजा. घरातल्या सर्वांना एकाच गटात ठेवले, तर २० आणि ५ मिळून २५ चाचण्या होतात. त्याच पाच जणांना पाच निरनिराळ्या गटांत टाकले, तर पाच गट सदोष येतात आणि ४५ चाचण्या लागतात. एकत्र राहणाऱ्यांना एका गटात ठेवण्याने नुसत्या मांडणीवर इतका फरक पडतो.

पातळ होण्याचा धोका

आता डॉर्फमनच्या अडचणीकडे येऊ. शेतातल्या मातीचा नमुना आपण तपासायला पाठवतो, तेव्हा वेगवेगळ्या ठिकाणची माती गोळा करून, मिसळून, तिच्यातली थोडी पिशवीत भरतो. तेथे आपल्याला सगळ्या शेताची सरासरी हवी असते. रोगतपासणीत सरासरीला किंमत नाही. पाच जणांत मिळून थोडासा विषाणू आहे असे कळून काय करायचे? तो कोणात आहे, निदान कोणात तरी आहे की नाही, हे कळायला हवे. एका रोग्याचा नमुना चार निरोगी नमुन्यांत मिसळला की त्यातला विषाणू पाचपट विरळ होतो. तरीही तो दिसला पाहिजे.

करोनासाठी नाका-घशातून काढलेल्या नमुन्यावर 'आरटी-पीसीआर' नावाची चाचणी करीत. तिच्यात विषाणूच्या आनुवंशिक द्रव्याची नक्कल केली जाते आणि त्या नकलेच्या पुन्हा पुन्हा नकला काढल्या जातात. प्रत्येक फेरीला संख्या जवळपास दुप्पट होते. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. दहा फेऱ्यांत एकाचे हजारावर, वीस फेऱ्यांत दहा लाखांवर. पुरेशा नकला झाल्या की यंत्राला खूण दिसते. नमुना पाचपट पातळ झाला, तर ही खूण साधारण सव्वादोन फेऱ्या उशिरा दिसते. दहापट पातळ झाला, तर तीनाहून थोड्या अधिक फेऱ्या उशिरा.

ज्याच्या नाका-घशात भरपूर विषाणू आहे त्याच्या बाबतीत दोन फेऱ्यांच्या उशिराने काही बिघडत नाही. पण लागण नुकतीच झालेला, बरा होत आलेला, किंवा ज्याचा नमुना नीट घेतला गेला नाही असा माणूस असेल, तर त्याची खूण आधीच अखेरच्या फेऱ्यांत दिसायची असते. ती आणखी मागे ढकलली गेली की यंत्र 'रोग नाही' म्हणते आणि तो माणूस निर्धास्त होऊन घरी जातो. म्हणून पैसे वाचतात म्हणून वाटेल तेवढा मोठा गट करता येत नाही. हिशेब अकरा म्हणत असला तरी चाचणीची तीक्ष्णता पाचावर थांबायला सांगत असेल, तर पाचावरच थांबावे लागते.

आपल्या देशात काय ठरले होते?

एप्रिल २०२० मध्ये चाचणीचे साहित्य अपुरे होते आणि प्रयोगशाळाही मोजक्याच होत्या. त्या वेळी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १३ एप्रिल २०२० रोजी एकत्र तपासणीविषयी सूचना काढली. आपण आतापर्यंत जे पाहिले तेच तिच्यात नियमांच्या रूपाने आहे.

पहिला नियम : पाचाहून अधिक नमुने एकत्र करू नयेत. कारण, नमुना फार पातळ होतो.

दुसरा नियम : तपासलेल्यांत शंभरी दोनांहून कमी जण सदोष निघत असतील अशाच भागात ही रीत वापरावी. प्रमाण दोन ते पाच असेल, तर लक्षणे नसलेल्या लोकांच्या पाहणीपुरतीच वापरावी. पाचाच्या वर गेले की वापरूच नये.

तिसरा नियम : रोग्याच्या सहवासात आलेल्या माणसाचा आणि करोनाच्या रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या आरोग्य-कर्मचाऱ्यांचा नमुना गटात घालू नये. तो सरळ वेगळा तपासावा.

तिसरा नियम सामान्य माणसाने सर्वांत जास्त समजून घ्यावा, कारण तो पाळणे प्रयोगशाळेच्या हातात नाही. तो आपल्या हातात आहे. नमुना देताना विचारतात, 'तुमच्या घरी कोणी आजारी आहे का? बाहेरगावी जाऊन आलात का? ताप आला होता का?' लोक काय म्हणतील ह्या भीतीने, किंवा मजुरी बुडेल ह्या काळजीने, माणूस 'नाही' म्हणतो. मग त्याचा नमुना गटात जातो. गट सदोष आला, तर त्याच्यामुळे उरलेल्या चौघांना अहवालासाठी अधिक वेळ थांबावे लागते. त्यांतला एखादा रोजंदारीवर असतो, एखाद्या बाईचे तान्हे मूल घरी असते. आणि विषाणू थोडा असल्याने गट निर्दोष आला, तर तो माणूस रोग घेऊन आपल्याच म्हाताऱ्या आई-वडिलांपाशी जातो. एका खोट्या उत्तराने दोन्हीकडून घात होतो. मजुरी बुडण्याची भीती खोटी नसते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच अशा घराला चार दिवसांचे धान्य पोहोचवणे हे शेजाऱ्यांचे कर्तव्य ठरते. पोटाची सोय असली की खरे बोलायला बळ येते.

गट सापडला म्हणजे माणूस सापडला नव्हे

'तुमचा गट सदोष आला आहे' असा निरोप आला तर त्याचा अर्थ काय? एवढाच की पाचांपैकी निदान एकात विषाणू असावा. त्या पाचांतले चार बहुधा निरोगीच असतात. अशा वेळी पाचही घरांकडे बोट दाखवणे, पाणवठ्यावर त्यांना टाळणे, त्यांच्या मुलांना नावे ठेवणे हा अन्याय आहे. वेगळा अहवाल येईपर्यंत पाचही जणांनी घरी थांबावे आणि बाकीच्यांनी जीभ आवरावी. दोन्ही गोष्टी सारख्याच गरजेच्या आहेत.

पुन्हा नमुना द्यावा लागतो का, असेही विचारले जाते. ते नमुना घेण्याच्या रीतीवर आहे. प्रत्येकाचा नमुना वेगळ्या नळीत घेऊन त्यातला थोडाच भाग मिश्रणात घातला असेल, तर उरलेल्या भागावर दुसरी चाचणी होते आणि माणसाला परत बोलवावे लागत नाही. करोनाच्या काळात चीनमध्ये मोठ्या शहरांत दहा जणांच्या कापसाच्या काड्या एकाच नळीत टाकण्याची रीत होती. काम झपाट्याने होई. पण नळी सदोष आली की दहाही जणांना शोधून पुन्हा नमुना घ्यावा लागे. अमेरिकेत १८ जुलै २०२० रोजी तेथील अन्न व औषध प्रशासनाने एका मोठ्या प्रयोगशाळेला चार नमुन्यांपर्यंत गट करण्यास परवानगी दिली. कोठे चार, कोठे पाच, कोठे दहा, हा फरक चाचणी, रोगाचे प्रमाण आणि हाताशी असलेली माणसे ह्यांवरून पडतो.

ओळी आणि रांगांची मांडणी

कलमी आंब्यांची बाग डोळ्यांसमोर आणा. पाच ओळी आणि पाच रांगा, मिळून २५ झाडे. आता २५ नमुने असेच मांडा. प्रत्येक आडव्या ओळीचा एक गट आणि प्रत्येक उभ्या रांगेचा एक गट केला, तर दहा गट होतात. प्रत्येक नमुना दोन गटांत जातो, एकदा ओळीत आणि एकदा रांगेत. तिसरी ओळ आणि चौथी रांग सदोष आली, तर जेथे ती एकमेकींना छेदतात तो नमुना रोग्याचा. २५ माणसे, दहा चाचण्या आणि माणूस पहिल्याच फेरीत सापडला. वेगवेगळ्या ओळींत आणि रांगांत दोन रोगी असले, तर दोन ओळी आणि दोन रांगा सदोष येतात. त्या चार ठिकाणी छेदतात, म्हणून तेवढे चार नमुने पुन्हा तपासावे लागतात.

ह्याच विचाराला पुढे नेऊन मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी २०२० मध्ये 'टॅपेस्ट्री' नावाची पद्धत मांडली. तिच्यात प्रत्येक नमुना ठरावीक रीतीने अनेक गटांत घालतात आणि सर्व गटांचे निकाल हाती आल्यावर संगणक गणिताने रोगी कोण हे काढतो, म्हणजे दुसऱ्या फेरीची वाट पाहावी लागू नये. मात्र रोग विरळ असला पाहिजे, ही अट येथेही सुटत नाही.

रक्ताच्या बाटलीमागचे गणित

बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या मातेला किंवा अपघातात सापडलेल्या माणसाला रक्त चढवतात, तेव्हा त्या बाटलीतून एड्सचा विषाणू किंवा 'ब' आणि 'क' प्रकारच्या काविळीचे विषाणू जाऊ नयेत म्हणून ते आधी तपासलेले असते. नेहमीच्या चाचण्या बहुतांशी प्रतिपिंडे शोधतात, म्हणजे विषाणूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली द्रव्ये. पण ही द्रव्ये तयार व्हायला वेळ लागतो. 'क' प्रकारच्या काविळीत तर त्याला साधारण दोन महिने लागू शकतात. त्या मधल्या काळात रक्तात विषाणू असतो आणि चाचणी निर्दोष येते.

हा मधला काळ कमी करायचा तर विषाणूचे आनुवंशिक द्रव्यच शोधावे लागते. ती चाचणी महाग पडते. अमेरिकेत १९९९ पासून रक्तदात्यांचे १६ किंवा २४ नमुने एकत्र करून ही चाचणी सुरू झाली. निरोगी रक्तदात्यांत रोगी अगदी विरळ असल्याने तेथे हा हिशेब उत्तम बसतो. आपल्या देशात काही रक्तकेंद्रांत प्रत्येक नमुना वेगळा तपासतात, काही ठिकाणी सहा-सहा नमुने एकत्र करतात, तर पुष्कळ ठिकाणी ह्या चाचणीची सोयच नाही.

एड्सच्या शोधातही ही युक्ती लावली गेली आहे. पुण्यातील दवाखान्यांत आलेल्या आणि प्रतिपिंडांची चाचणी निर्दोष आलेल्या लोकांचे रक्त एकत्र करून नव्या लागणी शोधता येतात का, हे संशोधकांनी पाहिले. त्याचा वृत्तांत २००० साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात नोव्हेंबर २००२ पासून एका वर्षात १,०९,२५० लोकांची तपासणी झाली. त्यांत प्रतिपिंडांच्या चाचणीत सुटलेले, नुकतीच लागण झालेले २३ जण एकत्र तपासणीमुळे सापडले. लाखावर माणसांची महागडी चाचणी एकेक करून परवडली नसती आणि हे २३ जण आपल्या जोडीदारांना नकळत रोग देत राहिले असते.

तरीही विषाणू अगदी थोडा असताना कोणतीही चाचणी चुकू शकते, आणि एकत्र नमुन्यात तर तो आणखी विरळ होतो. म्हणून रक्तदानाच्या वेळी विचारलेल्या प्रश्नांना खरी उत्तरे देणे हीच पहिली तपासणी होय. 'माझे रक्त ते तपासतीलच' असे म्हणून काही लपवणे म्हणजे रक्त घेणाऱ्याचा जीव धोक्यात घालणे होय.

गोठ्यातही हीच रीत

ही युक्ती विषाणूंपुरतीच नाही. गाभण गाय पाच महिन्यांनंतर गाभडणे, वार अडकणे, असे गोठ्यात वारंवार होऊ लागले तर ब्रुसेल्ला नावाच्या जंतूचा संशय घ्यावा. ह्या जंतूपासून माणसाला कच्च्या दुधातून, आणि गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हाताने काढल्याने, दीर्घकाळ चढउतार होणारा ताप येतो. अनेक गाईंच्या एकत्र दुधावर ह्याची एक स्वस्त चाचणी करतात. दुधात रंगवलेल्या मृत जंतूंचे थेंब टाकून ते काही वेळ ठेवतात. प्रतिपिंडे असतील तर वर आलेल्या सायीचे निळे कडे दिसते. कडे दिसले की मग एकेक जनावराचे रक्त तपासायचे. म्हणजे आपण पाहिलेल्या त्याच दोन पायऱ्या.

मर्यादाही त्याच. कळप मोठा असला तर एका रोगी गाईचे दूध फार पातळ होते. दगडी झालेल्या गाईचे दूध किंवा नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक मिसळला असला, तर उगाच कडे दिसू शकते. म्हणून अशा गाई असल्याचे जनावरांच्या डॉक्टरांना आधीच सांगावे. केंद्र सरकारने २०१९ साली सुरू केलेल्या कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ह्या रोगाची लस देण्याची योजना आहे. ती चुकवू नये, आणि दूध उकळल्याशिवाय पिऊ नये.

ध्यानात ठेवण्यासारखे

१. एकत्र तपासणी ही चाळणी आहे. ती निर्दोषांना लवकर मोकळे करते. रोगी कोण हे मात्र वेगळ्या चाचणीनेच ठरते.

२. रोग विरळ असेल तोवरच तिचा फायदा. रोग पसरला की एकेकाची चाचणी बरी.

३. ताप, खोकला असेल किंवा रोग्याशी संबंध आला असेल, तर नमुना देण्याआधी सांगावे आणि वेगळी तपासणी मागावी.

४. गट निर्दोष आला तरी नंतर लक्षणे दिसली तर पुन्हा तपासून घ्यावे. नुकती झालेली लागण चाचणीत सुटू शकते.

५. गट सदोष आला तर वेगळा अहवाल येईपर्यंत घरी थांबावे, आणि कोणाचे नाव गावभर करू नये.

मंडळात चर्चेसाठी प्रश्न

१. ६० माणसांत एकालाच लागण आहे. सहा-सहांचे गट केले तर एकूण किती चाचण्या लागतील? (उत्तर : पहिल्या फेरीत १०, दुसऱ्या फेरीत ६, एकूण १६.)

२. मातीचा मिश्र नमुना आणि रोग्यांचा एकत्र नमुना ह्यांत फरक कोणता?

३. अहवाल येईपर्यंत घरी थांबणाऱ्या मजुराच्या घराला आपल्या वाडीतून कोणती मदत पोहोचवता येईल? ती कोण करील, हे नावानिशी ठरवून ठेवावे. साथ आल्यावर ठरवायला वेळ मिळत नाही.